चालत्या सॉफ्टवेअरचा हिशेब: लॉगिंग आणि परफॉर्मन्स मॉनिटरिंगची ओळख

सॉफ्टवेअर लिहिले जाते एका ठिकाणी आणि चालते दुसऱ्याच ठिकाणी. लिहिणाऱ्याने ते आपल्या टेबलावर दहा-वीस वेळा तपासलेले असते. प्रत्यक्षात ते त्याने कधी न पाहिलेल्या सर्व्हरवर, अनोळखी माहितीवर आणि एकाच वेळी शेकडो माणसांसाठी चालते. तिथे ते चुकले, अडखळले किंवा मंदावले, तर त्या क्षणी शेजारी कोणी बसलेले नसते. म्हणून सॉफ्टवेअरनेच चालता चालता आपल्या कामाच्या नोंदी ठेवायच्या असतात. या नोंदी म्हणजे लॉग आणि त्या ठेवण्याची पद्धत म्हणजे लॉगिंग. काम किती वेगाने होते, किती वेळा फसते आणि कुठे खोळंबते याचे सतत मोजमाप करत राहणे म्हणजे ॲप्लिकेशन परफॉर्मन्स मॉनिटरिंग, म्हणजेच एपीएम. दोन्हींची गरज बिघाड झाल्यावर भासते, पण सोय मात्र बिघाडाआधीच करून ठेवावी लागते. घडताना जे नोंदवले गेले नाही, ते नंतर कितीही हुशार माणूस बसवला तरी सापडत नाही. या विषयातले बहुतेक नियम याच एका अडचणीतून आलेले आहेत.

हा विषय पुण्या-बंगळूरच्या आयटी कंपन्यांपुरता आहे असे वाटण्याचे दिवस आता गेले. मध्य प्रदेशातल्या सौंसर तहसिलीतले बोरगाव पाहिले तरी पुरे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर या मराठीबहुल तहसिली वेगळ्या काढून पांढुर्णा जिल्हा झाला. त्यातले बोरगाव छिंदवाडा-नागपूर रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. इथल्या कारखान्यातून माल भरलेला ट्रक सावनेरमार्गे नागपूरला निघाला की थोड्याच वेळात राज्याची हद्द ओलांडतो. म्हणजे व्यवहार आंतरराज्य झाला. मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल, तर जीएसटीच्या नियमाप्रमाणे ट्रकबरोबर ई-वे बिल लागते. आंतरराज्य वाहतुकीसाठी हे बिल १ एप्रिल २०१८ पासून सक्तीचे आहे. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या व्यावसायिकाला १ ऑगस्ट २०२३ पासून त्याआधी इन्व्हॉइसही सरकारी पोर्टलवर नोंदवावे लागते. डिस्पॅच क्लार्क एक बटन दाबतो, पण त्या बटनामागे किमान सहा कड्या असतात: कारखान्यातले अकाउंटिंग सॉफ्टवेअर, त्याचा डेटाबेस, इंटरनेटची जोडणी, सरकारी यंत्रणेशी बोलणारी मध्यस्थ सेवा, इन्व्हॉइस नोंदवणारे पोर्टल आणि ई-वे बिलाची प्रणाली. बारा अंकी बिल क्रमांक हाती आला की ट्रक फाटकाबाहेर जातो, नाही आला तर उभा राहतो.

बिल निघाले नाही की फोनवर एकच वाक्य ऐकू येते, ‘सर्व्हर डाउन आहे.’ सहापैकी कोणती कडी तुटली हे त्यावरून कळत नाही. गावातले नेट गेले असेल, मध्यस्थ सेवेचा पासवर्ड बदलला असेल, पोर्टलवर गर्दी असेल किंवा क्लार्कने वाहनाचा क्रमांकच चुकीचा टाकला असेल. चारही वेळा पडद्यावर तेच चक्र फिरते. उपाय मात्र चार वेगळे आहेत आणि ते करणारी माणसेही वेगळी आहेत. कोणी कोणाला फोन करायचा, हे ठरवायला पुरावा लागतो.

असा पुरावा तीन प्रकारचा असतो. कारखान्याच्या फाटकावर त्याचे प्रतिरूप रोज दिसते. पहारेकरी रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ आणि शेरा लिहितो. एकेका घटनेची अशी ओळ म्हणजे लॉग. दिवसाला किती गाड्या सुटल्या आणि एकेक गाडी सरासरी किती वेळ थांबली, हे आकडे म्हणजे मेट्रिक्स. एकाच बिल्टीचा नंबर धरून ती गाडी फाटक, धर्मकाटा, गोदाम आणि पुन्हा फाटक असा प्रवास करताना कुठे किती थांबली हे जुळवणे म्हणजे ट्रेस. आकड्यांवरून आज काहीतरी बिनसले आहे हे कळते, ट्रेसवरून कुठे बिनसले ते कळते आणि लॉगवरून का बिनसले ते कळते. यांपैकी एकच ठेवून भागत नाही.

आधी लॉग पाहू. नवशिक्याच्या हातून बहुतेकदा अशी ओळ लिहिली जाते: ‘एरर: बिल तयार झाले नाही.’ ही ओळ खोटी नाही, पण निरुपयोगी आहे. कोणते बिल, केव्हा, कोणत्या टप्प्यावर आणि कशामुळे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही. हीच घटना नीट नोंदवली आणि मराठीत मांडली तर ती अशी दिसेल:

२०२५-११-०७ १८:४२:१०.३१८ +०५:३० | एरर | सेवा: ई-वे बिल | इन्व्हॉइस: बी-२०४७ | टप्पा: पोर्टलला विनंती | प्रयत्न: ३ | लागलेला वेळ: ३०,००२ मिलिसेकंद | कारण: टाइमआउट | ट्रेस: ७१४०९३

या ओळीत वेळ मिलिसेकंदापर्यंत आहे आणि ती भारतीय वेळ असल्याचेही नमूद आहे. इन्व्हॉइसचा नंबर असल्याने नेमके प्रकरण काढता येते. हा तिसरा प्रयत्न होता, म्हणजे आधीचे दोन फसले होते. लागलेला वेळ जवळपास नेमका ३० सेकंद आहे, यावरून पोर्टलने नकार दिलेला नाही, प्रोग्रामनेच ठरलेली मुदत संपल्यावर वाट पाहणे सोडले, हे जाणकाराला लगेच कळते. हा फरक महत्त्वाचा आहे. नकार म्हणजे काम झाले नाही. टाइमआउट म्हणजे काम झाले की नाही ते माहीत नाही. पोर्टलने इन्व्हॉइस नोंदवले असेल आणि उत्तर वाटेत हरवले असेल, तर पुन्हा पाठवल्यावर दुहेरी नोंद व्हायची भीती असते. इन्व्हॉइस नोंदणीत हे टाळायची सोय केलेली आहे. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि त्याचा नंबर यांवरून ६४ अक्षरांचा एकमेव क्रमांक निघतो. तेच इन्व्हॉइस दुसऱ्यांदा पाठवले, तर ते आधीच नोंदलेले असल्याचे उत्तर येते. लॉगमध्ये ‘टाइमआउट’, ‘नाकारले’ आणि ‘आधीच नोंदलेले’ या तीन गोष्टी वेगळ्या दिसल्या नाहीत, तर हा उलगडा कधीच होत नाही.

प्रत्येक ओळीला गांभीर्याची पातळी द्यावी लागते. ही प्रथा जुनी आहे. १९८० च्या दशकात बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल-प्रणालीसोबत सिसलॉग तयार केले. पुढे ते युनिक्स जगाचे सर्वमान्य साधन झाले आणि २००९ मध्ये त्याचे सुधारित प्रमाण प्रसिद्ध झाले. त्यात शून्य ते सात अशा आठ पातळ्या आहेत. शून्य म्हणजे यंत्रणा वापरण्याजोगी राहिलेली नाही आणि सात म्हणजे डीबगिंगपुरती तपशीलवार नोंद. रोजच्या कामात चार पातळ्या पुरतात. डीबग विकसकाच्या तपासासाठी असते. इन्फो म्हणजे नेहमीचे महत्त्वाचे टप्पे, जसे बिल तयार झाले. वॉर्निंग म्हणजे काम झाले पण काहीतरी खटकले, जसे तिसऱ्या प्रयत्नात जमले. एरर म्हणजे काम झालेच नाही. क्लार्कने वाहनाचा नंबर चुकीचा टाकला आणि पोर्टलने तो परत पाठवला, ही यंत्रणेची एरर नव्हे, यंत्रणेने आपले काम चोख केले. अशा प्रत्येक प्रसंगाला एरर म्हटले की दिवसभर लाल ओळींचा पूर वाहतो आणि खरी लाल ओळ त्यात बुडते.

पडद्यावरचा संदेश आणि लॉगमधली ओळ एकच असू नये, हाही साधा पण दुर्लक्षित नियम आहे. क्लार्कला डेटाबेसच्या जोडणीचा तपशील दाखवून उपयोग नाही. त्याला त्याच्या भाषेत काय झाले, आता काय करायचे आणि तक्रार करताना कोणता क्रमांक सांगायचा एवढे कळले पाहिजे. तोच क्रमांक लॉगच्या ओळीत असला की तंत्रज्ञ थेट त्या प्रसंगावर पोहोचतो. हा दुवा नसेल, तर ‘संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास’ एवढ्या माहितीवर हजारो ओळी चाळत बसावे लागते.

वेळेची गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. सहा कड्यांची सहा घड्याळे एकमेकांशी जुळत नसतील, तर उत्तर आधी आले आणि प्रश्न नंतर गेला, असे लॉगमध्ये दिसू शकते. म्हणून सर्व सर्व्हरची घड्याळे एका प्रमाणवेळेशी बांधून ठेवतात. भारतात हा आता कायदेशीर मुद्दाही आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, मिळवून ठेवायची आहेत. सर्व यंत्रणांचे लॉग चालू १८० दिवसांपुरते जपायचे आहेत आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत.

लॉग साठवायला जागा लागते. एकाच फाइलमध्ये लिहीत राहिले की एक दिवस डिस्क भरते आणि नोंद ठेवायच्या सोयीमुळेच काम बंद पडते. हा प्रकार नवख्या ठिकाणी हमखास घडतो. त्यावर उपाय म्हणजे रोज किंवा ठरावीक आकार झाला की नवी फाइल उघडणे, जुनी दाबून ठेवणे आणि मुदत संपलेली काढून टाकणे. याला रोटेशन म्हणतात. सर्व्हर एकापेक्षा जास्त असतील, तर सगळ्यांचे लॉग एका मध्यवर्ती ठिकाणी आणावेत, कारण मशीनच बंद पडले तर त्यावरचा लॉगही हाताबाहेर जातो. इलास्टिकसर्चसारख्या शोधसाधनांनी हे काम सोपे केले आहे. मात्र ओळी ठरावीक रकान्यांत लिहिलेल्या असतील तरच शोध नीट चालतो. मोकळ्या वाक्यांत लिहिलेला लॉग माणसाला वाचता येतो, पण ‘काल तीस सेकंदांहून जास्त वेळ लागलेली सगळी बिले दाखव’ असे त्याला विचारता येत नाही.

काय लिहावे इतकेच काय लिहू नये हेही महत्त्वाचे आहे. पासवर्ड, ओटीपी, पिन, कार्डाचा पूर्ण क्रमांक आणि आधार क्रमांक लॉगमध्ये येता कामा नये. मुख्य डेटाबेसला कुलपे घातलेली असतात, पण लॉग अनेकांच्या हाताखालून जातात. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. कारण असे होते की पासवर्ड गुप्त रूपात बदलण्याची प्रक्रिया पूर्ण होण्याआधीच तो जसाच्या तसा एका अंतर्गत लॉगमध्ये लिहिला जात होता. पासवर्डची साठवण व्यवस्थित होती, पळवाट लॉगमध्ये होती. लॉगिंगचे साधनच घातक ठरल्याचे उदाहरण डिसेंबर २०२१ मधले. जावा भाषेतल्या लॉगफोरजे या अत्यंत लोकप्रिय साधनात, बाहेरून आलेला विशिष्ट मजकूर लॉगमध्ये लिहिताच सर्व्हर दूरच्या ठिकाणाहून कोड आणून चालवू शकत असे. या त्रुटीला धोक्याच्या मापनात दहापैकी दहा गुण मिळाले आणि जगभर घाईघाईने दुरुस्त्या कराव्या लागल्या. बाहेरून आलेल्या मजकुरावर लॉग लिहितानाही विश्वास ठेवू नये, हा त्यातला धडा.

लॉग किती काळ ठेवायचा, या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देण्यात आला. त्यानंतर कोणी कुठे आधारने ओळख पटवली, याच्या नोंदींचा साठा वाढत गेला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या नोंदी सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायला मनाई केली. त्याआधीच्या नियमांत पाच वर्षांची तरतूद होती. नोंद जितकी तपशीलवार, तितके ती माणसाविषयी जास्त सांगते. म्हणून जपायची मुदत आणि पुसायची मुदत दोन्ही ठरलेल्या असाव्यात.

तांत्रिक लॉग आणि ऑडिट ट्रेल यांची गल्लत होऊ नये. कंपनी कायद्याखालच्या नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये, कोणती नोंद कधी बदलली हे टिपणारी आणि बंद करता न येणारी सोय असणे बंधनकारक आहे. बोरगावच्या वसाहतीतल्या छोट्या खासगी कंपनीलाही हा नियम लागू होतो. ऑडिट ट्रेल हिशेबाच्या सचोटीसाठी असते. त्यातली एकही ओळ गाळता येत नाही आणि ती वर्षानुवर्षे जपायची असते. तांत्रिक लॉग दुरुस्तीसाठी असतो, त्यातला डीबगचा भाग आठवड्याभरात पुसला तरी चालतो. दोन्ही एकाच फाइलमध्ये कोंबले की एकाचे नियम दुसऱ्याला लागतात आणि दोन्ही कामे बिघडतात.

आता मोजमापाकडे वळू. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंगवरच्या पुस्तकात चार खुणांवर लक्ष ठेवायला सांगितले आहे: उत्तराला लागणारा वेळ, येणाऱ्या विनंत्यांची संख्या, फसलेल्या विनंत्यांचे प्रमाण आणि यंत्रणा किती भरत आली आहे ते. प्रोसेसर किती टक्के व्यस्त आहे हे पाहायची सवय जुनी आहे, पण त्याने फसगत होते. प्रोसेसर निवांत असतानाही काम अडलेले असू शकते, कारण प्रोग्राम पलीकडच्या सेवेच्या उत्तराची वाट पाहत स्वस्थ बसलेला असतो.

वेळ मोजताना सरासरीवर विसंबू नये. समजा, शंभर विनंत्यांपैकी नव्वद ०.२ सेकंदात आणि दहा १२ सेकंदांत पूर्ण झाल्या. एकूण वेळ १८ अधिक १२०, म्हणजे १३८ सेकंद, आणि सरासरी १.३८ सेकंद. प्रत्यक्षात १.३८ सेकंद कोणालाच लागले नाहीत. नव्वद जणांना काही जाणवले नाही आणि दहा जण वैतागले. म्हणून वेळा चढत्या क्रमाने लावून पन्नासावी, पंचाण्णवावी आणि नव्व्याण्णवावी वेळ पाहतात. यांना पर्सेंटाइल म्हणतात. वरच्या उदाहरणात पन्नासावी वेळ ०.२ सेकंद आहे, तर पंचाण्णवावी थेट १२ सेकंद. सरासरीने झाकलेला त्रास इथे उघडा पडतो.

आकडे जमवायचे साधन म्हणून आज प्रोमिथियसचा वापर खूप होतो. त्याची सुरुवात २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत झाली. ठरावीक अंतराने ते प्रत्येक सेवेकडून आकडे उचलते आणि ग्राफानासारख्या साधनावर त्यांचे आलेख दिसतात. दोन्ही मुक्त स्रोत आहेत, म्हणजे ती वापरण्यासाठी परवाना विकत घ्यावा लागत नाही. खर्च असतो तो चालवणाऱ्या माणसाचा आणि मशीनचा.

तिसरा पुरावा ट्रेसचा. एक विनंती अनेक सेवांमधून फिरते तेव्हा तिला सुरुवातीलाच एक ओळखक्रमांक देतात आणि पुढची प्रत्येक सेवा तोच क्रमांक आपल्या नोंदीत लिहून पुढे पाठवते. प्रत्येक टप्प्याची सुरुवात आणि लागलेला वेळ नोंदला की त्याचा एक स्पॅन होतो, आणि सारे स्पॅन एकाखाली एक मांडले की वेळ कुठे गेला ते डोळ्यांना दिसते. गूगलने २०१० मध्ये आपल्या डॅपर या प्रणालीवर निबंध प्रसिद्ध केला, त्यातून ही पद्धत सर्वदूर पोहोचली. गूगलकडच्या प्रचंड रहदारीत प्रत्येक विनंतीचा माग ठेवणे परवडणारे नव्हते, म्हणून सुरुवातीला १,०२४ मधून एकीचाच माग ठेवला जाई. पुढे ट्विटरने झिपकिन आणि उबरने येगर ही साधने तयार केली. २०१९ मध्ये दोन वेगळे प्रकल्प एकत्र येऊन ओपनटेलिमेट्री उभे राहिले. लॉग, मेट्रिक्स आणि ट्रेस तिन्हींसाठी ते एकच सामाईक पद्धत देते. त्यामुळे कोडमध्ये एकदा सोय केली की मागे कोणत्या कंपनीचे साधन जोडायचे हे नंतर बदलता येते.

ओळखक्रमांकाचे महत्त्व सामान्य माणसालाही नकळत माहीत असते. यूपीआयने पैसे पाठवल्यावर पावतीवर बारा अंकी संदर्भ क्रमांक येतो. पैसे खात्यातून गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत, की बँक पहिल्यांदा तोच मागते. दोन बँका, दोन ॲप आणि मधली यंत्रणा यांच्या नोंदी त्या एका क्रमांकावर जुळतात.

यूपीआय चालवणारे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन मुंबईत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवरच्या व्यवहारांची संख्या पहिल्यांदाच महिन्याला २,००० कोटींच्या वर गेली. इतक्या मोठ्या यंत्रणेत फसलेल्या व्यवहारांची वर्गवारी कशी करावी, हे तिच्याकडून शिकण्यासारखे आहे. पिन चुकला किंवा खात्यात शिल्लक नसली, तर तो व्यवहार ‘बिझनेस डिक्लाइन’ धरतात. बँकेची किंवा मधली यंत्रणा उत्तर देऊ शकली नाही, तर ‘टेक्निकल डिक्लाइन’. दोन्हींचे प्रमाण बँकनिहाय प्रसिद्ध होते. ही विभागणी नसती, तर महिनाअखेरीस खाती रिकामी झाल्याने वाढलेले नकार यंत्रणेच्या माथी मारले गेले असते.

१२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय देशभर अडखळले. तपासात दिसले की व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा पूर आला होता. काही बँकांच्या यंत्रणा जुन्या व्यवहारांची चौकशीही पुन्हा पुन्हा करत होत्या. पैसे पाठवणारी माणसे नेहमीचीच होती, ‘झाले का, झाले का’ असे विचारणारी यंत्रे वाढली होती. उत्तर उशिरा आले की यंत्र पुन्हा विचारते, त्याने भार वाढतो, उत्तर आणखी उशिरा येते आणि पुन्हा विचारणा होते. एकूण विनंत्यांचा एकच आकडा ठेवला असता, तर गर्दी वाढली एवढेच कळले असते. प्रत्येक प्रकारच्या विनंतीची मोजणी स्वतंत्र असेल तरच दोषी कोण ते कळते. त्यानंतर स्थिती विचारण्यावर आणि ॲपमधून शिल्लक तपासण्यावर मर्यादा आल्या. उत्तराच्या मुदतीही कमी झाल्या. १६ जून २०२५ पासून पैसे पाठवण्याच्या विनंतीची मुदत ३० सेकंदांवरून १५ वर आणि स्थिती विचारण्याची ३० वरून १० वर आणली गेली.

अवलंबून असलेल्या कड्यांवर लक्ष न ठेवल्याने काय होते, याचे उदाहरणही मुंबईतच आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबवावे लागले. सौदे जुळवणारी यंत्रणा चालू होती, पण दूरसंचार जोडण्या अस्थिर झाल्याने जोखीम तपासणारी यंत्रणा हाताशी राहिली नाही. ती नसताना सौदे चालू ठेवणे धोक्याचे होते. दुपारी पावणेचारला व्यवहार पुन्हा सुरू होऊन पाच वाजेपर्यंत चालले. मुख्य मशीनचा डॅशबोर्ड हिरवा असणे म्हणजे सेवा चालू असणे नव्हे.

याचे गणितही डोळे उघडणारे आहे. एखादी सेवा ९९.९ टक्के वेळ चालू असेल, तर तीस दिवसांच्या ४३,२०० मिनिटांपैकी सुमारे ४३ मिनिटे ती बंद असते. ई-वे बिलाच्या वाटेतल्या सहाही कड्या तितक्याच भरवशाच्या आणि एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या, तर सगळ्या एकदम चालू असण्याचे प्रमाण ९९.४ टक्क्यांवर उतरते. म्हणजे महिन्यात सुमारे सव्वाचार तास बिल निघणार नाही. म्हणून सेवा किती टक्के वेळ आणि किती सेकंदांत उत्तर देईल, याचे उद्दिष्ट आधी लिहून ठरवतात आणि मोजमाप त्याच्याशी ताडून पाहतात.

उद्दिष्ट चुकू लागले की माणसाला कळवणे हे अलर्टचे काम. इथे कंजुषी हितावह असते. ज्या अलर्टवर कोणी काही करायचे नाही तो अलर्ट नसावा, कारण रात्री चार वेळा विनाकारण वाजलेला फोन पाचव्या वेळी उचलला जात नाही. डिस्क ८० टक्के भरली, हे सकाळी सांगितले तरी चालते. सलग दहा मिनिटे एकही बिल निघाले नाही, हे मात्र तत्काळ सांगितले पाहिजे. आणि ही दुसरी गोष्ट एररच्या ओळींवरून कळेलच असे नाही. प्रोग्रामच बंद पडला, तर तो एरर लिहायलाही शिल्लक नसतो. म्हणून अपेक्षित घटना न घडणे हाही अलर्टचा विषय धरावा आणि बाहेरून, वापरणाऱ्याच्या वाटेने, ठरावीक वेळाने चाचणी विनंती पाठवत राहावी.

मोठ्या कंपनीची व्यवस्था छोट्या कारखान्याने जशीच्या तशी उचलायचे कारण नाही. दोन-तीन सर्व्हर आणि एकच तंत्रज्ञ असलेल्या ठिकाणी क्रम साधा ठेवता येतो. आधी सर्व मशीनची घड्याळे जुळवावीत. मग बाहेरच्या सेवेला केलेली प्रत्येक विनंती, तिचा क्रमांक, लागलेला वेळ आणि निकाल यांची रकान्यांतली नोंद सुरू करावी. लॉगचे रोटेशन आणि जपण्याची मुदत ठरवावी, गुप्त माहिती गाळावी. त्यानंतर वेळ, संख्या आणि फसण्याचे प्रमाण या तीन आकड्यांचा एक आलेख उभा करावा आणि दोन-तीनच अलर्ट लावावेत. ट्रेसची साधने सेवा वाढतील तेव्हा आणता येतात, पण विनंतीला ओळखक्रमांक मात्र पहिल्या दिवसापासून द्यावा.

एवढे झाल्यावर व्यवस्थेची परीक्षा घ्यावी. कामाची गर्दी नसताना चाचणी-प्रणालीची इंटरनेट जोडणी पाच मिनिटे मुद्दाम तोडावी आणि त्या वेळी तिथे नसलेल्या माणसाला फक्त लॉग आणि आलेख द्यावेत. काय बिघडले, केव्हापासून केव्हापर्यंत, कोणते इन्व्हॉइस अडकले आणि त्यांतले कोणते पुन्हा पाठवायला हवे, हे त्याला कोणाला न विचारता सांगता आले, तर लॉगिंग पुरेसे आहे. जिथे तो अडेल, तिथे नोंदीत पुढचा रकाना घालावा.